टेक्सासच्या कॉलिन काउंटीत घर घेतलं तर प्रॉपर्टी टॅक्स दुसऱ्या वर्षी एकदम का वाढतो? नवा हायवे कारणीभूत असतो का?

मुख्य कारण तारखेचं आहे. मूल्यांकन १ जानेवारीच्या स्थितीवर होतं. त्या दिवशी प्लॉट रिकामा असेल तर पहिलं बिल फक्त जमिनीचं येतं. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं. एस्क्रो (गृहकर्जाच्या हप्त्यासोबत करासाठी जमा होणारी रक्कम) जुन्या आकड्यावर बेतलेला असला की हप्ता उसळतो, म्हणून फरक आधीच बाजूला ठेवा.

हायवेचा परिणाम आडवळणाने होतो. डॅलस नॉर्थ टोलवे चालतो टोलवर, पण तो उत्तरेकडे सरकतो तशा फ्रिस्को, प्रॉस्परकडच्या जमिनी महागतात आणि मूल्यांकन चढतं. काउंटीच्या रस्ते-बाँडची फेड मात्र प्रॉपर्टी टॅक्समधूनच होते. तरी बिलातला सर्वांत मोठा वाटा शाळांचा! राज्याला इन्कम टॅक्स नाही, त्याची भरपाई इथे होते.

होमस्टेड सवलतीचा (स्वतः राहत्या घरावरच्या करसवलतीचा) अर्ज लगेच करा. करपात्र मूल्यवाढीवरची वार्षिक १० टक्क्यांची मर्यादा त्याच्या पुढच्या वर्षापासून लागते. मूल्यांकन जास्त वाटलं तर १५ मे किंवा नोटिशीपासून ३० दिवस, यातली नंतरची तारीख हरकतीसाठी शेवटची. घर घेण्याआधी एमयूडी (पाणी-सांडपाण्यासारख्या सोयींसाठीचा जिल्हा) किंवा पीआयडीचा (परिसर-सुधारणेसाठीचा जिल्हा) जादा आकार विचाराच. जाहिरातीत तो सहसा दिसत नाही.