आईची एक दाढ गेलीय: ब्रिज करावा की इम्प्लांट?

ताई, तुमच्या लिहिण्यावरून मला समजलं ते असं. आई 63 वर्षांच्या, खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ गेल्या महिन्यात काढली, शुगर आहे. फोंड्यातले डॉक्टर ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारावर मधे खोटी दाढ) म्हणतात, म्हापशातले इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात). मी डॉक्टर नाही, पण याच दाढेपायी बरेच पैसे घालवून बसलोय.

आधी रिकाम्या जागेच्या शेजारचे दोन दात बघा. ब्रिजसाठी ते चारी बाजूंनी घासून बारीक करतात आणि तीन जोडलेल्या कॅपा वरून चिकटवतात. त्या दातांत आधीच मोठं सिमेंट भरलेलं असेल किंवा रूट कॅनल झालेलं असेल, तर कॅप तशीही लागणारच; तिथे ब्रिज खुशाल करा. दोन्ही धडधाकट असतील तर गेलेल्या एकासाठी चांगले दोन घासायला माझं मन आता धजावत नाही.

तेव्हा धजावलं होतं. दोन आठवड्यांत ब्रिज बसला, चतुर्थीला नेवऱ्या कडाकडा खाल्ल्या. मधल्या खोट्या दाढेखालून रोज दोरा फिरवायचा असतो, हे मात्र त्या क्लिनिकात कोणी सांगितलं नाही. त्यासाठी खास फ्लॉस मिळतो, टोकाला ताठ आणि मध्ये स्पंजासारखा फुगीर. हिरडी आणि ब्रिजमधल्या फटीतून तो सुईत दोरा ओवावा तसा ओवायचा. सात वर्षांनी तोंडाला वास यायला लागला. ब्रिज काढला तर मागची दाढ आत काळी पडून मऊ झालेली. तीही काढावी लागली. अक्कलदाढ आधीच गेलेली, म्हणजे मागे आधारच उरला नाही.

मग दोन इम्प्लांट. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात आणि हाड त्याला धरेपर्यंत, खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, थांबतात. (हाड टायटॅनियमला सोडत नाही, हे ब्रानेमार्क या स्वीडिश संशोधकाला सशांवर भलतंच काही तपासताना कळलं. 1965 मध्ये त्याने पहिल्या रुग्णाला असे दात बसवले.) खरं सांगतो, दाढ काढताना जास्त दुखलं होतं.

शुगर आहे म्हणून इम्प्लांट बाद होत नाही, ती ताब्यात हवी. तीन महिन्यांच्या सरासरीचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आई एखादी गोळी किंवा इंजेक्शन घेत असतील तर ते आधी सांगा. त्यातल्या काही औषधांमुळे जबड्याची जखम भरायला फार त्रास होतो. या वयाच्या बायकांना ही औषधं बऱ्याचदा चालू असतात आणि दातांच्या डॉक्टरकडे ती सांगायची कोणाला आठवत नाही.

काढता-घालता येणारा खोटा दात सगळ्यात स्वस्त. माझ्या आईचा तसला दात जेवताना कायम रुमालात असायचा, पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर ती त्याच्याशिवायच खायची.

जागा तशीच ठेवायची म्हणाल तर काही महिने चालेल, वर्षानुवर्षं नको. वरची दाढ खाली उतरू लागते, शेजारची कलते आणि हाड झिजतं.

खर्चाचं म्हणाल तर बांबोळीला, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) जवळ, गोवा डेंटल कॉलेज आहे. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, खेपा जास्त पडतात. उपचार कुठेही घ्या, तिसरं मत तिथे घ्या. जाताना एक्स-रे न्या, आणि शेजारच्या दोन दातांत काय भरलंय ते इथे कळवा.