बोअर मोठा झाला, जॉब भंगारात टाकू का?

प्रश्न : ईएन-८ (मध्यम कार्बन पोलाद) च्या बेअरिंग हाउसिंगची ऑर्डर आहे. ६२०७ बेअरिंग बसतं, म्हणून बोअर (आतलं भोक) ७२ मिमी, एच७ टॉलरन्स. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलल्यावर ऑफसेट (मशीनला टूलच्या मापाची दुरुस्ती) द्यायचा राहिला आणि सहा नगांत बोअर ७२.०८ झाला. थर चढवून भरायला कुणी हार्ड क्रोमचं प्लेटिंग सांगतं, कुणी निकेलचं. काय करू?
– एक वाचक, शिरोली, कोल्हापूर

उत्तर : निकेल करा, विजेशिवाय चढतं ते, इलेक्ट्रोलेस. पण आधी बोअर डायल गेजनं सहाही नग वर, मध्ये, खाली तपासा आणि प्रत्येक ठिकाणी गेज नव्वद अंशांत फिरवून पाहा. प्लेटिंग साईझ भरून देतं, आकार सुधारत नाही. बोअर लंबगोल असेल तर थर चढल्यावरही लंबगोलच राहणार. तसा नग निघाला तर आधी होनिंग करून (होनिंगच्या दगडांनी आतून घासून) गोल करा, साईझ ७२.१० झाली तरी हरकत नाही.

एच७ म्हणजे ७२.००० ते ७२.०३०. मधली ७२.०१५ धरली तर व्यासात ६५ मायक्रॉन (०.०६५ मिमी) भरायचे, म्हणजे एका बाजूला साधारण ३२. प्लेटरला नेहमी ‘एका बाजूला’ असं लिहूनच द्या, नाहीतर तो ६५ चा थर चढवेल. हार्ड क्रोमला बोअरच्या मधोमध अॅनोड (विजेचं धन टोक) धरावा लागतो, तरी कडेला जाड आणि आत पातळ असा थर बसतो, मग आतून ग्राइंडिंग आलंच. झिजलेल्या हायड्रॉलिक रॉडला क्रोमच हवा. तुमच्या कामाला नको. निकेल सगळीकडे सारखं चढतं आणि तासाला दहा-पंधरा मायक्रॉन धरले तर दोन-तीन तासांचं काम आहे.

सारखं चढतं हीच त्याची खोडही. हाउसिंगला एम-६ चे टॅप (आट्यांची भोकं) असतील तर रबरी बुचं मारून बंद करा. आट्यांवर ३२ मायक्रॉन चढले की पिच व्यास चौपट, म्हणजे जवळजवळ ०.१३ मिमी आवळतो आणि बोल्ट जात नाही. बेअरिंगची बाजू सोडून बाकी सगळ्यालाच मास्किंग सांगा.

मोजणी मात्र जॉब पूर्ण गार झाल्यावर. निकेलची टाकी नव्वद अंश सेल्सिअसच्या आसपास असते. गरम जॉबचा बोअर ०.०५ मिमी मोठा दाखवतो. ‘अजून भरलं नाही’ म्हणून जॉब परत टाकीत सोडला की गार झाल्यावर बेअरिंग आत जात नाही. सहापैकी एकच नग आधी करून पाहा.

आणि कस्टमरला विचारल्याशिवाय पाठवू नका. ड्रॉइंगमध्ये प्लेटिंग नसेल तर लेखी परवानगी घ्या. बहुतेक जण जाडी आणि जागा कळली की देतात. लपवलेलं निकेल त्यांच्या तपासणीत सापडलं तर सहाच नव्हे, अख्खी लॉट परत येईल. कच्चा माल आणि मशीनिंगचा खर्च प्लेटिंगपेक्षा कमी पडत असेल तर हा सगळा खटाटोप सोडा, सरळ नवे सहा नग काढा.