गूळ कोगनोळीपलीकडे जातो तेव्हा: गुऱ्हाळाचं अनुदान, परराज्यातली माणसं आणि कागदपत्रं

२०२५ च्या गळीत हंगामाच्या तोंडावरच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊसदराचं आंदोलन पेटलं. मागणी टनाला ३,५०० रुपयांची होती, मिटलं ३,३०० वर. तेव्हापासून आमच्या रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात, येणारा प्रत्येक तिसरा माणूस खत-बियाण्याचं बोलणं बाजूला ठेवून विचारतो, "साहेब, कारखान्याच्या गेटवर ट्रॉली लावून बसण्यापेक्षा गुऱ्हाळ काय वाईट? सरकार त्याला काय देतंय?" निपाणी, खानापूर, चिकोडी आणि बेळगाव तालुक्यांतून आलेल्या प्रश्नांतले काही इथं घेतो. हुमणी आणि लोकरी माव्याचे प्रश्नही बरेच आहेत, ते पुढच्या वेळी.

"वडिलांच्या काळातलं गुऱ्हाळ आहे. ढेपांबरोबर वड्या आणि पावडर करायची आहे. शेड, यंत्रं मिळून बारा लाखांचा अंदाज निघतो. एकजण म्हणतो, अनुदान आणून देतो, दहा टक्के मला द्या. द्यावेत का?" (निपाणी तालुका)

एक रुपयाही देऊ नका. तुम्हाला लागू होते ती प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, आपल्याकडे सगळे तिला पीएमएफएमई म्हणतात. अर्ज भरून देणं, प्रकल्प अहवाल करणं, बँकेकडे पाठपुरावा करणं, यासाठी योजनेनेच जिल्ह्यात संसाधन व्यक्ती नेमल्या आहेत आणि त्यांचं मानधन योजनाच देते. जिल्ह्याच्या कृषी सहसंचालक कार्यालयात किंवा आपल्या रयत संपर्क केंद्रात विचारलंत तर नावं मिळतात.

आता हिशोब. केंद्राचं अनुदान प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. कर्नाटक सरकार त्यात आपले १५ टक्के घालतं, म्हणजे एकूण ५० टक्के आणि कमाल १५ लाख. राज्याच्या वतीने हे काम केपेक हे निगम बघतं. तुमच्या बारा लाखांत स्वतःचे किमान दहा टक्के, म्हणजे १ लाख २० हजार घालावे लागतील. बाकीचं बँकेचं कर्ज. अनुदान सहा लाख बसतं, पण ते तुमच्या हातात येत नाही. बँकेत तुमच्या नावाने बाजूला राहतं. शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं कर्जखातं नीट चाललं आणि गुऱ्हाळही चालू राहिलं, की ते कर्जात वळतं होतं. कर्जाशिवाय ही योजनाच नाही. "कर्ज नको, नुसतं अनुदान द्या" म्हणणारे रोज भेटतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दोन ठिकाणी माणसं अडकतात. पहिलं, जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत, आणि बांधकाम एकूण प्रकल्प खर्चाच्या तीस टक्क्यांच्या आत लागतं. तुमच्या बाबतीत ३ लाख ६० हजार. शेडवरच सहा लाख घालून उरलेल्यात यंत्र बघू, असा बेत असेल तर तो आत्ताच बदला. दुसरं, कर्ज मंजूर होण्याआधी यंत्र घेऊ नका. माझ्या पाहण्यातल्या एका शेतकऱ्याने प्रदर्शनात सूट मिळाली म्हणून रोख पैसे मोजून पावडरचं यंत्र उचललं आणि मग अर्ज केला. यंत्र चांगलं होतं, पावतीही पक्की होती, पण ती खरेदी प्रकल्पात धरली गेली नाही.

उताऱ्यावर चार भावांची नावं असतील तर बँक चौघांची संमती मागते. अर्जाच्या आधी घरात बसून हे मिटवा. कागद तयार आणि एक भाऊ पुण्याला, अशी प्रकरणं महिनोन्महिने पडून राहतात. योजना २०२०-२१ मध्ये पाच वर्षांसाठी आली होती, पुढे २०२५-२६ पर्यंत वाढवली. तेव्हा मुदतीची खात्री आधी करून घ्या, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

"आमच्या गटातल्या दहा बायका काजू फोडतात. जिल्ह्याला गूळच ठरवून दिलाय म्हणे, मग आम्हाला काही नाही का?" (खानापूर तालुका)

आहे. "एक जिल्हा एक उत्पादन" यात बेळगावला गूळ मिळाला हे खरं, पण म्हणून काजू, रताळं, मिरची यांना दार बंद नाही. शिवाय अन्न प्रक्रियेचं काम करणाऱ्या बचत गटाला प्रत्येक सदस्येमागे ४० हजार रुपये बीजभांडवल मिळतं, एका गटात जास्तीत जास्त दहा जणींना. खेळतं भांडवल आणि लहान अवजारं यासाठी ते आहे. ते संजीवनीच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानाच्या, महासंघामार्फत येतं, म्हणून आधी गटाची नोंद तिथं आहे ना ते बघा. ताई, सालं काढताना काजूचं तेल हाताला लागून कातडी जाते, हातमोज्यांचे पैसेही अंदाजपत्रकात धरा.

"गुळव्या (गूळ करणारा कारागीर) पन्हाळ्याकडचा, चुलवाणावरची (काहिलीखालच्या भट्टीवरची) दोघं चंदगडची, उसाला टोळी बीडची. परराज्यातल्या माणसांना परवाना काढावा लागतो काय? कर्नाटकात आता स्थानिकांनाच काम द्यायचा कायदा झालाय असं ऐकलं. आणि माझा मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जातो, त्याला तिकडं परवाना लागेल का?" (चिकोडी तालुका)

भारताच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यात जाऊन काम करायला कसलाही परवाना लागत नाही. राज्यघटनेच्या १९ व्या कलमातच तो हक्क आहे. कोरोनाच्या काळात कोगनोळीच्या सीमानाक्यावर गाड्या अडवून तपासणीचा अहवाल मागायचे, ती धास्ती अजून लोकांच्या मनातून गेली नाही असं मला वाटतं. ते आजारापुरतं होतं.

स्थानिकांच्या कायद्याचं असं. जुलै २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक विधेयक मंजूर केलं होतं. व्यवस्थापनाच्या जागांत ५० टक्के आणि बाकीच्या जागांत ७० टक्के स्थानिक, अशी त्यात तरतूद होती. आरडाओरड झाली आणि ते थांबवून ठेवलं. तो कायदा झालेला नाही. हरयाणाने ७५ टक्क्यांचा असा कायदा केला होता, तो २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केला. महाराष्ट्रात सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांना ८० टक्के स्थानिक भरतीची अट आहे. ती अट कंपनीवर आहे, तुमच्या मुलावर नाही. फार तर भरतीच्या वेळी रहिवासी दाखला विचारतील. नोकरीला लागलेल्या पोराला कोणी गेटवर अडवणार नाही.

मालक म्हणून तुमच्यावर मात्र काही जबाबदाऱ्या येतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. परराज्यातल्या कामगारांचा जुना कायदा १९७९ चा होता आणि तो पाच माणसांपासून लागायचा. नव्या संहितेत तो आकडा दहा आहे. तुमचे गुळव्या आणि चुलवाणावरचे मिळून तीन, पण बीडची टोळी तुम्हीच लावली असेल तर तीही मोजा. सगळी मिळून दहाच्या आत असतील तरच तो भाग तुम्हाला लागू नाही. एकूण दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र द्यावं लागतं. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी वीस माणसं झाली की ते कारखान्यात मोडतं, त्याच्या आत नाही. किमान वेतन सगळ्यांना, माणूस एक असो की पन्नास.

कायद्यात बसतं की नाही यापेक्षा मला घाण्याची काळजी जास्त वाटते. रात्री दोनच्या आधणाला झोपेत ऊस घालताना हात आत जातो आणि पुढे आयुष्यभराचं होतं. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांचा आहे, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख मिळतात. वयाची अट १८ ते ७०, नुसतं बँक खातं लागतं. आलेल्या प्रत्येक माणसाचा तो हंगामाच्या पहिल्या दिवशी उतरवा, पैसे तुम्ही भरा. एका चहाच्या खर्चात होतं.

टोळीबरोबर बायका-मुलं येतात. त्यांचं महाराष्ट्राचं रेशनकार्ड आपल्या दुकानातही चालतं, आधार जोडलेलं हवं. ई-श्रमची नोंद फुकट होते आणि देशात कुठेही चालते. चौदा वर्षांखालच्या पोराला चिपाडं वाळवायला लावलं तरी ते कामच धरतात. त्याला जवळच्या शाळेत बसवा. मराठी शाळा आपल्या भागात आहेत, भाषेची अडचण सांगू नका.

"गूळ कोल्हापूरच्या अडतीला घालतो. आता एक किलोचे बॉक्स करून थेट पुण्या-मुंबईला पाठवायचे आहेत. जीएसटी लागतो काय? बॉक्सवर काय छापू?" (निपाणी तालुका)

या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनी वाचावं. सीमेवर माणसाला कोणी कागद विचारत नाही, मालाला विचारतात.

सुट्ट्या गुळावर जीएसटी नाही. ३० किलोची ढेप अडतीला घालता, तिथपर्यंत तुम्हाला नोंदणीची गरज नाही. पण १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच भरून लेबल लावलेल्या गुळावर ५ टक्के लागतो. तोच गूळ, तीच काहील, फक्त बॉक्स आणि नाव आलं की कर आला. राज्यातल्या राज्यात विकलात तर मालाची उलाढाल ४० लाखांच्या पुढे जाईपर्यंत नोंदणी नको. करपात्र माल राज्याबाहेर गेला की पहिल्या बॉक्सपासून नोंदणी हवी, उलाढाल दहा हजारांची असली तरी. निपाणीहून कागल हाकेच्या अंतरावर आहे, पण कायद्याच्या दृष्टीने ते दुसरं राज्य. छोट्या व्यापाऱ्यांची कंपोझिशनची, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची, सवलतही परराज्यात माल पाठवणाऱ्याला मिळत नाही. एका खेपेत ५० हजारांच्या वर माल असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद. ढेपा असतील तर ते नको. एकाच टेम्पोत ढेपा आणि बॉक्स दोन्ही घालणार असाल तर बिलं वेगळी ठेवा, नाहीतर नाक्यावर समजावून सांगण्यात रात्र जाते.

जीएसटी नोंदणीला सरकारी फी नाही. लघुउद्योगाच्या उद्यम नोंदणीलाही नाही, ती आधारवर स्वतः होते. तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर उठून चालू लागा.

एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी जागेची असते. गुऱ्हाळ निपाणीला आणि भरणी कागलला मेहुण्याच्या गोदामात, असं असेल तर दोन नोंदण्या लागतील. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत हवी, त्याच्या जोडीला मराठी आणि कन्नड हवं तेवढं छापा.

आणि बॉक्सवर "कोल्हापुरी गूळ" छापू नका. मला माहीत आहे, आपला गूळ तीन पिढ्या त्याच बाजारात त्याच नावाने विकला गेलाय, आणि गुळव्याही तिकडचाच आहे. पण कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि ते तिथल्या भागापुरतं आहे. आपल्या मातीतल्या गुळावर ते नाव टाकणं हा गुन्हा होतो. निपाणी लिहा, चिकोडी लिहा. प्रमाणपत्र नसताना "सेंद्रिय" लिहू नका. बॉक्सवर तुमचं नाव आलं की नमुना तुमच्या नावाने प्रयोगशाळेत जातो, अडत्याच्या नाही. पिवळाधमक रंग यावा म्हणून मूठभर हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) जास्त टाकायची किंवा काहिलीत साखरेचं पोतं रिकामं करायची सवय ढेपेत खपून गेली असेल, बॉक्समध्ये खपणार नाही. रानभेंडीच्या पाण्याने मळी काढलेला गूळ जरा काळसर दिसतो. शहरातलं गिऱ्हाईक आता तोच मागतं.

"विडीचा लहान उद्योग घालायचाय, पीएमईजीपीत बसेल का? त्यात सीमाभागाला जास्त अनुदान आहे असं वाचलं." (निपाणी)

पीएमईजीपी म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. विडी-तंबाखू त्या योजनेच्या नकार यादीत आहे, नाही बसणार. आणि त्यातला सीमावर्ती भाग म्हणजे देशाची सीमा, आपला सीमाभाग नव्हे. दुसरा उत्पादनाचा धंदा नव्याने घालणार असाल तर ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. गावात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, आणि महिला, मागासवर्गीय, अल्पसंख्याक, माजी सैनिक यांना ३५ टक्के. चालू धंदा दाखवून पहिलं अनुदान मिळत नाही.

"दुकानाचा फळा मराठीत लावला तर चालेल का? आणि बँकेचे फॉर्म कन्नडमध्ये असतात, काय करायचं?" (बेळगाव तालुका)

फळ्याचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये हवा, असा २०२४ चा कायदा आहे. उरलेल्या जागेत मराठी लिहा, आडकाठी नाही. रंगवणाऱ्याला आधीच सांगा, दोनदा रंगवायचा खर्च वाचेल.

फॉर्मचं म्हणाल तर, न वाचता सही करायची सवय आपल्याला भाषेमुळे कमी आणि संकोचामुळे जास्त आहे. साहेबांसमोर "मला वाचता येत नाही" म्हणायचं कसं! आता घरोघरी शाळेत कन्नड शिकणारं एक तरी पोर असतं. कागद एक दिवस घरी आणा, त्याच्याकडून वाचून घ्या. कर्जाची रक्कम, मुदत, गहाण काय लिहिलंय आणि न मागता एखादा विमा चिकटवलाय का, एवढं बघा. अनुदानाच्या योजनेतलं कर्ज असेल तर "मुदत कर्ज" लिहिलेलं असायला हवं. त्या जागी "कॅश क्रेडिट", म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, दिसलं तर सही करू नका, कागद घेऊन माझ्याकडे या.