असिरियन म्हणजे फक्त लढाया आणि क्रौर्य? त्यांच्यातला साधा माणूस कसा होता?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले निम्रूदचे, म्हणजे असिरियनांच्या जुन्या राजधानीतले, शिल्पपट पाहून तुम्ही विचारलंय, की राजे आणि लढाया सोडून साध्या असिरियन माणसाबद्दल काही कळतं का. कळतं, भरपूर कळतं. फक्त त्यासाठी त्या दगडांच्याही हजारेक वर्षं मागे, इ.स.पू. १९००च्या आसपास जावं लागतं. तेव्हा साम्राज्य वगैरे काही नव्हतं. अश्शूर हे आजच्या इराकातलं, टायग्रिस नदीकाठचं एक शहर, आणि तिथली माणसं पक्की व्यापारी. त्यांचा शासक स्वतःला राजासुद्धा म्हणवत नसे. राजा म्हणजे शहराच्याच नावाचा अश्शूर देव, आपण त्याचा कारभारी.

या व्यापाऱ्यांची मोठी पेठ होती कानेशला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात कायसेरीजवळच्या कुलतेपेला. तिथे मातीच्या वीस हजारांवर पाट्या सापडल्या: पत्रं, करारमदार, उधारीच्या नोंदी. काही पत्रं तर मातीच्याच लिफाफ्यात.

धंदा साधा होता. अश्शूरहून गाढवांच्या तांड्यावर कथील (कल्हईला लागतं तेच) आणि लोकरी कापड लादायचं, हजारेक किलोमीटर चालत दीडेक महिन्यात कानेश गाठायचं. तांब्यात कथील मिसळल्याशिवाय कांसं होत नाही, त्यामुळे तिथे भाव साधारण दुप्पट मिळे. परतताना नुसती चांदी-सोनं. ओझंच उरत नाही म्हटल्यावर बरीचशी गाढवंही तिकडेच विकून टाकत!

आमच्या घरी दोन पिढ्या कापडाचं दुकान होतं, त्यामुळे असेल, पण मला यात सगळ्यात भावतात त्या बायका. नवरे कानेशला, आणि अश्शूरात घर, मुलं, माग सगळं बायकांच्या अंगावर. विणलेलं कापड त्या तांड्याबरोबर धाडत आणि त्याच्या चांदीचा चोख हिशोब मागत. एक व्यापारी वक्कुर्तुम नावाच्या बाईला कळवतो, की प्रत्येक कापडात लोकर थोडी वाढव पण पोत पातळच राहू दे, लांबी नऊ हात, रुंदी आठ हात. गिऱ्हाइकाच्या मागण्या चार हजार वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत.

पूशू-केन नावाच्या बड्या व्यापाऱ्याची बायको लमस्सी. ती लिहिते, तुम्ही गेल्यापासून त्या शलीम-अहूमनं दोनदा घर बांधलं, आपलं कधी व्हायचं? दुसरी एक, तराम-कूबी, नवऱ्यावर भडकलेली: घर धुऊन घेऊन गेलात, इथे शहरात दुष्काळ पडलाय आणि मागे धान्याचा दाणा ठेवला नाहीत.

पूशू-केन स्वतः तरी कुठे धुतल्या तांदळासारखा होता? कानेशचा राजवाडा कापडावर पाच टक्के जकात घ्यायचा, ती चुकवायला लोक आडवाटेनं माल नेत. त्या वाटेला त्यांच्या बोलीत नावच होतं, 'अरुंद वाट'. असाच एक चोरटा माल पकडला गेला, तो पूशू-केनच्या नावे निघाला होता, आणि राजवाड्यानं त्याला थेट तुरुंगात टाकलं. हे एका पत्रातच आहे. पत्र लिहिणारा पुढे सावध करतो, पहारे कडक आहेत, तू चोरटा माल अजिबात आणू नकोस.

पुढे इ.स.पू. १८३५च्या सुमारास कानेशची ही पेठ जळाली आणि घराघरातली दप्तरं ढिगाऱ्याखाली गाडली गेली, म्हणून आपल्यापर्यंत आली. सापडलेली बहुतेक पत्रं कानेशला आलेली आहेत, तिथून गेलेली थोडी. त्यामुळे बायकांच्या तक्रारी आजही स्वच्छ ऐकू येतात, नवऱ्यांच्या सबबी मात्र क्वचितच.