बारोलोची चव माती ठरवते की हवामान?

तुम्ही विचारलंय की इटलीतल्या बारोलो या वाइनच्या भागातल्या टेकड्यांवर सगळीकडे एकच नेबिओलो द्राक्ष असताना गावागणिक वाइन वेगळी का लागते, आणि तिथल्या जमिनीतला चुना वाइनमध्ये चवीला लागतो का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही लागत. वेल पाण्यात विरघळलेले क्षार शोषते, दगड नाही. तयार वाइनमध्ये उरणाऱ्या क्षारांत सगळ्यात मोठा वाटा पोटॅशियमचा असतो, आणि चुनखडीला स्वतःचा वासच नाही. ग्लास हुंगून ‘यात सेरालुंगा गावचा चुना जाणवतो’ म्हणणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं भांडत आलोय आणि अजूनही भांडतो. माती चव देत नाही. वेलीला पाणी किती आणि कधी मिळणार हे माती ठरवते, आणि फरक तिथून सुरू होतो.

नेबिओलो फुटते लवकर, एप्रिलच्या सुरुवातीला, आणि पिकते सगळ्यांच्या शेवटी, बहुतेकदा ऑक्टोबरच्या मध्याला. म्हणजे दरीच्या तळाशी लावली तर कोवळे फुटवे गोठलेल्या दवाने जळतात, आणि उत्तर उतारावर लावली तर पिकतच नाही. म्हणून बारोलोच्या नियमांत बाग समुद्रसपाटीपासून 170 ते 540 मीटरमध्ये हवी आणि उत्तरेकडचा उतार चालत नाही. उरलेल्या जागी बार्बेरा, दोल्चेत्तो ही दुसरी द्राक्षं, नाहीतर हेझलनट. जुने शेतकरी बर्फ सगळ्यात आधी कुठे वितळतो ते पाहून नेबिओलोची जागा ठरवायचे. ती खूण आजही खोटी ठरलेली नाही.

आता जमीन. ला मोर्रा आणि बारोलो या गावांच्या बाजूला सांता आगाता नावाचा थर आहे: निळसर करडी, चिकणमाती, गाळ आणि चुना मिसळलेली, साधारण 1 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाची माती. सेरालुंगाला त्याहून जुना लेक्विओचा थर आहे. त्यात असाच चुनखडीयुक्त गाळ आणि वालुकाश्म यांचे पापुद्रे आलटून पालटून येतात. वरची माती फिकट, सेंद्रिय अंश कमी. तानारो नदीपलीकडे रोएरो या शेजारच्या भागात वाळू जास्त, आणि तिथली नेबिओलो हलकी, लवकर पिण्याजोगी होते.

चुन्याचं खरं काम इथे आहे. कॅल्शियम चिकणमातीचे कण एकत्र बांधून ठेवतं, त्यामुळे इतकी बारीक माती असूनही पाणी साचत नाही आणि खाली ओलही टिकते. मण्यात पाणी उतरण्याआधी, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरण्याआधी, वेलीला थोडा ताण बसला की शेंडा थांबतो आणि मणी लहान राहतो. लहान मण्यात रसाच्या मानाने साल आणि बी जास्त, म्हणजे टॅनिन, वाइनला तुरटपणा देणारं द्रव्य, जास्त. सेरालुंगाच्या कस कमी असलेल्या जमिनीत हा ताण लवकर बसतो, म्हणून तिथली वाइन तरुणपणी हिरड्या आवळते आणि तिला मऊ व्हायला जास्त वर्षं लागतात. ला मोर्राच्या थोड्या सुपीक, ओल धरणाऱ्या जमिनीत ती लवकर उघडते, वास आधी पुढे येतो.

पण ताण पाणी उतरल्यानंतर आणि जोराचा बसला तर सगळं उलटतं. खालची पानं गळतात, मणी सुकून साखर वाढते आणि बियांतलं टॅनिन कच्चंच राहतं. 2003 च्या उन्हाळ्यात हेच झालं: अल्कोहोल चढलं आणि टॅनिन कोरडं राहिलं. पूर्वी घडांना ऊन लागावं म्हणून पानं काढायचे, आता जाणकार पश्चिमेच्या बाजूची पानं राखून ठेवतात. रात्री गार असल्या तर आम्ल टिकतं आणि सालीचा रंगही. सप्टेंबरच्या गार रात्रींशिवाय नेबिओलो करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुपीक जमिनीत आणखी एक अडचण. नेबिओलोच्या काडीचे बुंध्याजवळचे डोळे घड देत नाहीत, त्यामुळे आखूड छाटणी जमत नाही. 8 ते 10 डोळ्यांची लांब काडी ठेवावी लागते, पाला वाढतो, मग जुलै-ऑगस्टमध्ये घडांची विरळणी. हेक्टरी 8 टनांची मर्यादा त्याशिवाय पाळताच येत नाही. खुंट, म्हणजे ज्या मुळांवर वेलीचं कलम करतात तो, निवडतानाही चुना आडवा येतो. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत लोहाअभावी द्राक्षाची पानं पिवळी पडतात, तसंच तिथेही होतं, म्हणून चुना सोसणारा आणि वाढ आवरती ठेवणारा 420ए हा खुंट तिथे बराच वापरतात.

आता ज्या गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. ला मोर्राच्या बऱ्याच नामांकित बागा पूर्व-आग्नेयेला तोंड करून आहेत, म्हणजे सकाळचं ऊन. सेरालुंगाची व्हिन्या रिओंडा दक्षिण-नैर्ऋत्येला, म्हणजे दुपारचं. तेव्हा ज्याला लोक ‘मातीचा फरक’ म्हणतात त्यात उन्हाचाही वाटा आहे. आणि तळघर आहेच. साली रसात 10 दिवस ठेवल्या की 40, मुरवायला 225 लिटरचं नवं छोटं लाकडी पिंप घेतलं की मोठं जुनं, यावर गावाचा फरक पुसला जाऊ शकतो. 1980 नंतर बारोलोत याच मुद्द्यावर घराघरांत भांडणं झाली. माझा कौल मोठ्या पिंपाला. नव्या लाकडाच्या व्हॅनिलाखाली जमीन शोधत बसण्यात अर्थ नाही.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर एकाच उत्पादकाच्या, एकाच सालाच्या दोन बाटल्या घ्या, एक ला मोर्राची, एक सेरालुंगाची. 2016 चांगलं. 2017 नको, त्या साली उष्णतेने फरक बोथट झाले. दोन्ही काही तास आधी उघडा, 16 ते 18 अंशांवर ओता आणि वासावर न जाता टॅनिन कुठे आणि किती वेळ धरतं ते बघा. विकत घेण्याआधी एवढं मात्र विचारा की दोन्हींच्या साली सारखेच दिवस रसात होत्या का आणि पिंपं एकाच प्रकारची होती का. नसतील, तर ती तुलना जमिनीची ठरत नाही.