ओल्या कोपऱ्यात लव्हाळा लावू का?

प्रश्न : बागेचा एक कोपरा सखल आहे. पाऊस थांबला तरी आठवडाभर तिथे चिखल राहतो. हिरवळ दोनदा लावली, दोन्हीदा कुजली. मैत्रीण म्हणते, लव्हाळा लाव. पण लव्हाळा म्हणजे मोथाच ना? आणि डासांचं काय?

उत्तर : मोथ्याची धास्ती खरी आहे. तो लव्हाळ्याच्याच कुळातला, आणि माझे हात त्यात पोळलेत. ओढ्याकाठून हौसेनं एक गड्डा आणला, वर्षभरात शेजारच्या वाफ्यात कोंब वर आले. उपटावं तर पाती हातात, गाठ जमिनीत. खणलं तेव्हा काळपट गाठी दोऱ्यात ओवल्यासारख्या एकामागून एक निघाल्या. तीन पावसाळे वेचत होते.

पण या कुळात साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. तुम्हाला हवा तो ठोंब धरून जागेवर राहणारा. रोप घेताना कुंडीतून अलगद काढून मुळं बघाच. आडवे लांब धागे दिसले, त्यांना गाठी असल्या, तर मुकाट्यानं परत ठेवा. दांडा चिमटीत फिरवा: तीन कडा लागल्या तर बहुधा लव्हाळा, गोल, पोकळ, पेरं असलेला लागला तर गवत. छत्रीसारख्या पानांचा शोभेचा लव्हाळा रोपवाटिकेत हमखास पुढे करतात. तो मूळचा आफ्रिकेतला, तुम्ही तिथले नसाल तर नको.

तुमच्याकडचा स्थानिक कोणता, हे जवळच्या ओढ्याकाठी जाऊन बघा. मात्र माझ्यासारखा गड्डा उपटू नका. पिकलेली कणसं तळहातावर चोळून मूठभर बी आणा. ते मातीवर नुसतं भुरभुरवा, पुरू नका, बऱ्याच जातींना रुजायला उजेड लागतो. ट्रे बोटभर पाण्यात ठेवायचा. रोपं बोटभर उंचीची झाली की कोपऱ्यात दीड-दीड वितीवर लावा. खत अजिबात नको, त्यानं तणच माजतं.

डास चिखलात होत नाहीत, त्यांना साचलेलं पाणी लागतं, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस. तेव्हा उघडं डबकं चार-पाच दिवसांवर टिकत असेल, तर तेवढा खळगा आधी मातीनं भरून घ्या.

वर्षातून एकदा ठोंब मूठभर उंचीवर कापायचा. हातमोजे घालून! काही जातींच्या पात्यांची कड ब्लेडसारखी असते. पहिल्या वर्षी माझ्या तीन बोटांना पट्ट्या होत्या.