अडलेला टाका आधी दाखवा

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहते, वय ६३. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. सासूबाईंनी क्रोशाने विणलेला अननसाच्या नक्षीचा टेबलक्लॉथ माझ्याकडे आहे. तसाच एक भाचीच्या रुखवतासाठी करायचा आहे, पण नमुना लिहिलेला कुठेच नाही. सून म्हणते, रॅव्हलरी या विणकामाच्या वेबसाइटवर जा, फेसबुकवर विणकामाचे गट आहेत, तिथे विचारा. मुलगा म्हणतो, फोटो टाकू नकोस, कोण कुठे वापरेल सांगता येत नाही. माझं इंग्रजी बेताचं. त्यात तिथल्या बायकांचं काम इतकं सफाईदार दिसतं की आपण काय दाखवायचं, असं होतं. कुठे आणि कसं सामील व्हावं?

उत्तर : तुम्ही पाठवलेला फोटो मी भिंग घेऊन पाहिला. तुमच्या सासूबाईंचा हात घट्ट होता आणि शेवटच्या ओळीपर्यंत सारखा होता. बारीक दोऱ्यावर असा सारखा ताण ठेवणं किती अवघड असतं, ते तुम्ही-आम्ही जाणतो. उजव्या कोपऱ्यातला एक अननस अर्धा उसवलेला दिसला. कुठल्याही गटात गेलात की पहिला फोटो त्या उसवलेल्या कोपऱ्याचा टाका. संपूर्ण टेबलक्लॉथ नंतर दाखवता येईल.

हे मी अनुभवावरून सांगते आहे. माझी आई गिरगावात चाळीत विणायला शिकली. दुपारी कामं आटोपली की बायका गॅलरीत बसायच्या. कागदावर नमुना कोणी लिहीत नसे. दोन बोटं रुंदीचा तुकडा विणून द्यायचा, घेणारी तो मोजून आपल्या घरी उतरवायची. आईकडे अशा तुकड्यांची अख्खी पिशवी होती, प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली, ‘मागच्या खोलीतल्या वहिनींचा’, ‘दादरच्या मावशीचा’. १९९८ मध्ये आम्ही मुलुंडला ब्लॉकमध्ये आलो आणि गॅलरी सुटली. पुढची सोळा वर्षं मी एकटीच विणत होते. अडलं की उसवायचं, पुन्हा अडलं की बाजूला ठेवायचं. कपाटात अशी सात-आठ अर्धवट कामं साठली होती.

२०१४ मध्ये फेसबुकवरच्या एका गटात गेले. पहिला फोटो टाकला नातवाच्या झबल्याचा, माझं सगळ्यात चांगलं काम. ‘सुंदर’, ‘मस्त’, हृदयं, फुलं, सगळं आलं. बरं वाटलं, पण हाती काही लागलं नाही. पंधरा दिवसांनी गोल रुमाल विणताना तो वाटीसारखा वर उचलला जायला लागला. धीर करून तसाच फोटो टाकला आणि विचारलं, ‘हा सपाट का बसत नाही?’ संध्याकाळपर्यंत अकरा उत्तरं आली. नाशिकच्या एका बाईंनी एवढंच विचारलं, ‘पहिल्या फेरीत खांब किती, दुसरीत किती?’ खांब म्हणजे सुईवर आधी दोऱ्याचा वेढा घेऊन घातलेला उंच टाका. मी मोजले. बारा आणि अठरा. त्यांनी समजावलं की खांबांचा गोल सपाट हवा असेल तर साधारण बारापासून सुरू करून दर फेरीला बारा वाढवायचे. मुक्या खांबांचा, म्हणजे वेढ्याशिवाय घातलेल्या बुटक्या टाक्यांचा, असेल तर सहापासून सुरुवात आणि दर फेरीला सहा. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. चाळीस वर्षं विणत होते आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी कोणाला विचारलंच नव्हतं. त्या बाईंशी आजही माझं महिन्यातून एकदा तरी फोनवर बोलणं होतं.

म्हणून ‘आपण काय दाखवायचं’ हा विचार मनातून काढून टाका. ज्या कामात काही अडलेलं नाही, त्याला माणसं दाद देतात आणि पुढे जातात. अडलेलं काम दिसलं की विणणारी बाई थांबतेच, तिच्याने राहवत नाही.

आता प्रश्न कसा विचारायचा ते. टेबलक्लॉथ गडद कापडावर पसरा, दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश न लावता. शेजारी मोजपट्टी ठेवा. एक फोटो सुलट बाजूचा, एक उलट बाजूचा आणि एक फक्त एका अननसाचा, जवळून. मग मोजा. अननसाच्या तळाशी एकाच जागेत घातलेले खांब किती आहेत आणि त्यावरच्या सगळ्यात रुंद ओळीत साखळीच्या कमानी किती आहेत. वर जाताना बहुतेक नमुन्यांत दर ओळीला एक कमान कमी होत जाते आणि टोकाला एकच उरते. तुमच्यात तसंच आहे का, बघा. हे आकडे लिहून मग विचारा, ‘दोन अननसांच्या मधली जागा कशी भरली आहे?’ इतकं नेमकं विचारलंत की उत्तरही नेमकं येतं. ‘हा नमुना कोणाकडे आहे का?’ एवढंच लिहिलंत, तर शंभर जणी ‘मलाही हवा’ म्हणतील आणि तुम्ही तिथेच राहाल.

रॅव्हलरी २००७ पासून चालू आहे. अमेरिकेत सुरू झालं, पण सभासद जगभरचे आहेत, आणि नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. काही नमुने फुकट आहेत, काही विकत. मला तिथली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते ती अशी, की एकाच नमुन्यावर कितीतरी जणींनी केलेली कामं एकाखाली एक दिसतात आणि कोणी कुठला दोरा वापरला, कुठली ओळ चुकली होती, हे त्यांनी लिहून ठेवलेलं असतं. शोधताना लोकरीचे नमुने गाळा. मुंबईत स्वेटर घालून कोण बसणार? ‘थ्रेड’ आणि ‘पाइनॅपल’ हे दोन शब्द पुरतील.

इंग्रजीची भीती बाळगू नका. ज्या नमुन्यासोबत चिन्हांचा आलेख असेल तोच निवडा. लंबगोल म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब, इंग्रजी टी अक्षरावर एक तिरपी रेघ म्हणजे खांब, दोन रेघा म्हणजे लांब खांब. जपानी पुस्तकं अशाच चिन्हांवर चालतात. जपानी अक्षर न येणाऱ्या बायकाही त्यावरून विणतात, मीही विणलं आहे. शब्दांचा नमुना घेतलाच तर आधी तो अमेरिकन की ब्रिटिश ते पाहा. आपला मुका खांब अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’, ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’. आपला खांब अमेरिकेत ‘डबल’, ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’. कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसलं की तो अमेरिकन समजा, आजच्या ब्रिटिश पद्धतीत हा शब्दच नाही. हे न पाहता मी एकदा दीड वीत तोरण विणून उसवलं आहे.

दोऱ्याचे आकडेही उलटे चालतात. दहा नंबर जाड, वीस त्याहून बारीक, चाळीस आणखी बारीक. फोटोतला दोरा मला वीसच्या आसपासचा वाटतो. पण फोटोवर विश्वास न ठेवता दोरा घ्यायला भुलेश्वरला किंवा अब्दुल रहमान स्ट्रीटला जाताना टेबलक्लॉथ पिशवीत घालून घेऊन जा आणि दोरा शेजारी धरून पाहा.

फेसबुकचा गट निवडताना आकड्याकडे पाहू नका. सामील झाल्यावर आठ दिवस काही न टाकता नुसतं वाचा. नवशिकीच्या प्रश्नाला उत्तर मिळतं का, ते पाहा. जिथे फक्त फोटो आणि कौतुक आहे, तिथून निघा. मोठा गट वाईटच असतो असं नाही. चेन्नईत सुबश्री नटराजन यांच्या पुढाकाराने ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ हा गट फेसबुकवरूनच उभा राहिला आणि जानेवारी २०१६ मध्ये हजाराहून जास्त जणींनी विणलेले चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण झालं, गिनीज विक्रम झाला. पुढे ते सुटं करून त्यातली पांघरुणं गरजूंना वाटली. ती बातमी वाचली त्या दिवशी मी आईच्या तुकड्यांची पिशवी काढून बसले होते.

मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, त्याला तसं सांगा. टेबलक्लॉथच्या फोटोने काही बिघडत नाही. पण त्यात नातवंडांचे चेहरे, दारावरची पाटी, सोसायटीचं नाव येऊ देऊ नका. खासगी गटातला फोटोही सभासद उचलू शकतो, हे धरूनच चाला. व्हॉट्सअॅपच्या गटात तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो, म्हणून तिथे उशिरा जा. सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’त ‘ग्रुप्स’ आहे, तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करून ठेवा, म्हणजे अनोळखी कोणी परस्पर गटात घालणार नाही.

आणि विकतच्या नमुन्याची पीडीएफ गटात मागू नका, कोणी दिली तरी घेऊ नका. नमुना करणाऱ्या बाईने मोजून, विणून, उसवून तो लिहिलेला असतो. तुमचा टेबलक्लॉथ उतरवून झाला की आलेखाच्या कागदावर काढा आणि खाली सासूबाईंचं नाव लिहून गटाला द्या. माझ्या आईच्या तुकड्यांवर चिठ्ठ्या होत्या म्हणून त्या वहिनी मला आजही आठवतात.

प्रश्न : मी लालबागचा, वय २४. गणपतीसाठी पुठ्ठ्याची मखरं करतो. इन्स्टाग्रामवर टाकली तर डिझाइन चोरीला जाईल, अशी भीती वाटते. टाकू की नको?

उत्तर : टाक. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून पुठ्ठ्याचं काम शिकू पाहणारे खूप आहेत आणि तुझ्यासारखी मुलं दिसली नाहीत तर ते शिकणार कोणाकडून? तू काढलेल्या चित्रावर, आराखड्यावर तुझा हक्क तो काढल्या क्षणापासून असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र ‘राजवाड्यासारखं मखर’ ही कल्पना कोणा एकाची होत नाही. तेव्हा पूर्ण झालेलं मखर दाखव, हात चालताना दाखव, पण कापायच्या मापांचा कागद दाखवू नकोस. कच्च्या रेखाटनांचे फोटो तारखेसह स्वतःजवळ ठेव.

त्याच्या बदल्यात कसब मोकळ्या मनाने सांग. नालीदार पुठ्ठा आतल्या पन्हळींच्या दिशेने सहज वाकतो, आडवा वाकवला की मोडतो, हे नव्याला माहीत नसतं. श्रावणातल्या दमट हवेत पुठ्ठा फुगू नये म्हणून तू काय करतोस, हे तर मलाही वाचायला आवडेल.

प्रश्न : गटातल्या एका बाई स्वस्तात दोरा देतात म्हणून मी ऑर्डर दिली. आता त्यांनी क्यूआर कोड पाठवला आहे, ‘तो स्कॅन करून पिन टाका, जादाचे पैसे परत येतील’ म्हणतात. काय करू? (दादर)

उत्तर : करू नका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकली की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. टाकून झाली असेल तर आत्ता, हा अंक खाली ठेवून, सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० वर फोन लावा आणि बँकेलाही कळवा. गटाच्या चालकांनाही सांगा, म्हणजे दुसरी कोणी अडकणार नाही. यापुढे गटातून घ्यायचं झालं तर आधी दोऱ्याची एकच गुंडी मागवा, ती घरी आल्यावर भिजवून, वाळवून पाहा. रंग गेला नाही तर मग बाकीच्या सांगा.